जोडे, छत्री आणि पीटर पिअर्स

गवयाचा आवाज गोड असलाच पाहिजे असा काही आपल्याकडे दंडक नाही. तसा असता तर आमच्या लहानपणी गणेशोत्सवात गायलेल्या निम्म्या बुवांना मांडवाबाहेर उभं राहावं लागलं असतं. आवाज घोगरा असो, नाकातला असो, वरच्या षड्जाला पोचताना वाटेत दोनदा बसून दम खाणारा असो, "अहो, आवाजाकडे काय बघता, गायकी बघा!" असं म्हणणारा एक तरी म्हातारा पहिल्या रांगेत असायचाच. परंतु हा उदार न्याय आपण फक्त आपल्या माणसांना लावतो. साहेबाने गायचं तर तूपसाखरेच्या आवाजात गायलं पाहिजे, नाहीतर गप्प बसलं पाहिजे, अशी आपली रोखठोक अपेक्षा.

पीटर पिअर्स नावाच्या इंग्रज गवयाच्या बाबतीत हा अन्याय मी स्वतः तीसेक वर्षं केला. त्याची ही जबानी आहे. परीक्षण म्हणून वाचलीत तरी माझी हरकत नाही.

आमचे मामा १९६४ साली कापडाचं शिक्षण घ्यायला लीड्सला गेले आणि १९६६ साली परत आले. त्या काळी विलायतेहून परतलेल्या माणसाकडे बघताना नातेवाइकांचा एक डोळा त्याच्या प्रकृतीवर आणि दुसरा त्याच्या ट्रंकेवर असे. ट्रंकेतून मामींसाठी एक लोकरी कोट निघाला. तो पुण्याच्या हवेत घालायचा तर आधी ताप यावा लागला असता. माझ्यासाठी एक पेन निघालं. आणि मग दोन स्वेटर आणि एक पंचा यांत गुंडाळलेलं, तान्ह्या बाळासारखं जपून आणलेलं काहीतरी निघालं. "काचसामान दिसतंय," आजी म्हणाली. ती एक तबकडी होती.

त्याच संध्याकाळी शेजारच्या वकिलांचा रेकॉर्ड प्लेअर मागून आणून आमच्या माजघरात तिचं उद्घाटन झालं. शेजारपाजार जमला होता. मामांनी सुई ठेवली. आधी नुसतं एक पितळी वाद्य वाजलं. एकटंच. कुठेतरी डोंगरापलीकडे कोणीतरी गुरांना हाका घालावी तसं. पहिल्या मजल्यावरचे पोस्टमास्तर पेटी वाजवत. त्यांनी चौथ्या सुराला कानाला हात लावला आणि म्हणाले, "बेसूर आहे हो!" मामा म्हणाले, "थांबा, मुद्दाम आहे." विलायतेला जाऊन माणूस मुद्दाम बेसूर तबकडी विकत आणतो, ही गोष्ट पोस्टमास्तरांना पचेना. एवढ्यात गवई सुरू झाला. पातळ, किंचित थरथरता, नाकाच्या शेंड्यावर ठेवलेला आवाज. आजीने दोन ओळी ऐकल्या आणि काळजीच्या सुरात विचारलं, "याला काही होतंय का रे? पाणी तरी द्या कुणीतरी."

मी बारा वर्षांचा होतो. मला त्या वर्षी खेळायला एक नवीनच वस्तू मिळाली.

मी पिअर्सची नक्कल बसवली. मराठी शाळेतल्या कविता त्या आवाजात म्हणायच्या, प्रत्येक शब्दाच्या शेवटी मान हलवून एक कंप द्यायचा, मधेच उगाचच वर जाऊन घाबऱ्याघाबऱ्या खाली यायचं. १९७२ साली घरातल्या एका मुंजीत, जेवणं झाल्यावर, मी त्या थाटात अख्खा बे एके बे म्हटला. लोक हसून हसून लोळले. मामाही हसले. पण त्यानंतर मी घरात असताना त्यांनी ती तबकडी कधी लावली नाही. कोणी आग्रह केला तर म्हणत, "सुई बदलायची आहे." ती सुई पुढे सव्वीस वर्षं बदलायची राहिली.

पुष्कळ वर्षांनी मला कळलं की हा विनोद माझा नव्हताच. १९६० साली एडिंबरात सुरू झालेल्या 'बियाँड द फ्रिंज' या गाजलेल्या कार्यक्रमात डडली मूरने एक बालगीत पिअर्सच्या आवाजात आणि ब्रिटनच्या चालीत गाऊन सभागृहं डोक्यावर घेतली होती. म्हणजे इंग्लंडात जो विनोद आधीच शिळा झाला होता तो मी पुण्यात ताजा म्हणून वाढला. कपड्यांच्या फॅशनी आपल्याकडे याच वेगाने येत.

आता ब्रिटन कोण ते सांगायला हवं. बेंजामिन ब्रिटन हा विसाव्या शतकातला इंग्लंडचा मोठा संगीतकार. जन्म १९१३, मृत्यू १९७६. पिअर्स त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा. १९३९ साली दोघे मिळून अमेरिकेला गेले, ऐन युद्धात १९४२ साली एका मालवाहू बोटीने परत आले, आणि पुढे ब्रिटन जाईपर्यंत एकत्र राहिले. पुरुषापुरुषांतलं असलं नातं इंग्लंडात १९६७ पर्यंत कायद्याने गुन्हा होतं. मामा याविषयी फक्त "दोघे मित्र होते" एवढंच सांगत आणि चष्मा पुसत. १९७६ साली ब्रिटन वारला तेव्हा राणीने सांत्वनाचा संदेश पाठवला तो पिअर्सला. १९८६ साली पिअर्स गेला, आणि ऑल्डबरा या समुद्रकाठच्या गावी चर्चच्या आवारात दोघे शेजारीशेजारी आहेत. १९५५ च्या अखेरीस पूर्वेच्या दौऱ्यात दोघे भारतातही येऊन गेले होते आणि रविशंकरांची सतार ऐकून भारावले होते. म्हणजे त्यांनी आपलं गाणं आपण त्यांचं ऐकलं त्यापेक्षा बऱ्या कानांनी ऐकलं.

मुद्दा असा की ब्रिटनने गाणी लिहिली ती 'टेनर' नावाच्या अमूर्त आवाजासाठी नाही. सकाळी चहाच्या टेबलावर जो आवाज साखर मागतो, त्या एका आवाजासाठी लिहिली. पेटीची पांढरी एक षड्ज धरली तर तिच्यावरचा गंधार ही पिअर्सच्या गळ्यातली हुकमी जागा. 'पीटर ग्राइम्स' या ऑपेऱ्यातलं एक फार महत्त्वाचं गाणं ब्रिटनने जवळजवळ त्या एका स्वरावर उभं केलं. शिंपी पोक आलेल्या माणसाचा कोट शिवताना पोकासाठी जागा सोडतो तसं हे काम. तो कोट नंतर पुष्कळ ताठ पाठीच्या देखण्या गवयांनी घातला. उत्तम दिसतो. पण पाठीशी थोडं कापड उरतं.

मामा १९९८ साली गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवसांचं सामान आणायचं काम माझ्याकडे आलं. गुरुजींनी यादी दिली: पितळी तांब्या, पळी, पंचा, काठी, छत्री, जोडे. मृताच्या वाटेवर काटे असतात, ऊन असतं, वैतरणी असते. इथे जोडे-छत्री दान दिली की तिथे त्याला मिळतात. मी सुशिक्षित माणूस. दुकानात जाऊन म्हटलं, "दानाचे आहेत, स्वस्तातले दाखवा." दुकानदाराने न विचारता बरोबर तो खोका काढला. पुठ्ठ्याच्या तळव्याच्या चपला आणि उघडल्यावर पुन्हा न मिटणारी छत्री. गुरुजींनी चपला हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं, माझ्याकडे पाहिलं आणि मंत्र चालू ठेवला.

महिन्याभराने मामींनी तबकडी मला दिली. बरोबर एक वही होती. त्या वहीत मामांनी आपल्या सुवाच्य अक्षरात तबकडीतल्या सगळ्या कविता उतरवून काढल्या होत्या आणि समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले होते. ती वही मांडीवर घेऊन मी पहिल्यांदा ते 'सेरेनेड' ऐकलं. पहिल्यांदाच म्हणायचं. त्याआधी मी ते नुसतं वापरलं होतं.

'सेरेनेड' १९४३ चं. ब्रिटनला तेव्हा गोवर आला होता. एकोणतिसाव्या वर्षी गोवर येऊन माणूस इस्पितळात पडला, की आपण त्याला कडुलिंबाचा पाला आणि मनुका देऊ. त्याने त्या सुमारास रात्रीविषयीच्या सहा इंग्रजी कविता घेऊन त्यांना चाली द्यायला सुरुवात केली. कवी वेगवेगळे, शतकं वेगवेगळी, पण सूर्य मावळण्यापासून झोप लागेपर्यंतचा एक धागा. 'साँग सायकल' म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी सरळ 'गीतरामायणा'कडे बोट दाखवतो. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून माडगूळकर-फडक्यांनी छप्पन्न गाणी एका सूत्रात ओवली, तसंच हे. फक्त कथेऐवजी इथे अंधार पुढेपुढे सरकत जातो.

पोस्टमास्तरांची तक्रार आधी निकालात काढतो. हॉर्न म्हणजे उलगडली तर बाराएक फूट भरेल अशी पितळेची नळी. तिला खटके असतात, ते दाबून सगळे स्वर नीट काढता येतात. ब्रिटनने सुरुवातीच्या आणि शेवटच्या तुकड्यात खटक्यांना बंदी केली. नुसत्या ओठांच्या जोरावर, नळीतून निसर्गतः निघतात तेच स्वर. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून न वाजवता गंधार बोलतो, त्याच घराण्यातले हे स्वर. त्यांतला अकरावा आणि तेरावा पेटीच्या दोन पट्ट्यांच्या फटीत पडतो. म्हणजे हॉर्न सुरात होता, पोस्टमास्तरांची पेटी नव्हती. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती तेव्हापासून ते दुखावलेलेच होते. त्यांना हे ऐकवायला आता ते नाहीत, हे एका परीने बरंच.

माझ्याकडची तबकडी १९६३ ची. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, हॉर्नवर बॅरी टकवेल, संचालन खुद्द ब्रिटनचं. पिअर्सने पन्नाशी ओलांडलेली. याआधी १९४४ साली त्याने हेच गाणं डेनिस ब्रेनबरोबर रेकॉर्ड केलं होतं. ज्याच्यासाठी हॉर्नचं काम लिहिलं तो हा ब्रेन. १९५७ साली एडिंबरा फेस्टिव्हलहून रात्री मोटार हाकत परतताना अपघातात गेला, वय अवघं छत्तीस. ते जुनं ध्वनिमुद्रणही मी पुढे मिळवून ऐकलं. खरखर आहे, तंतुवाद्यं दुसऱ्या खोलीत ठेवल्यासारखी वाटतात, पण पिअर्सचा आवाज काय ताजा! कॉटनच्या कवितेवरचं संध्याकाळचं गाणं त्यात अलगद उतरतं. बेन जॉन्सनच्या चंद्रस्तोत्रात तर त्याने एका क्रियाविशेषणावर मैलभर लांब तान घेतली आहे. नामावर तान घेणारे गवई पुष्कळ, क्रियाविशेषणावर घेणारा मी हा एकच पाहिला. १९४४ ला ती तान पाण्यावरून चपटा दगड उडत जावा तशी जाते. १९६३ ला जाते, पण प्रत्येक टप्प्यावर दगड किती जड आहे ते कळतं. तेव्हा ही दोन गाणी जुनीच ऐकावीत. मामांच्या वहीचं मत वेगळं आहे. पण मामांनी जुनं ऐकलं नसावं.

टेनिसनच्या गाण्यात हॉर्न आणि गळा एकमेकांना प्रतिध्वनी देतात. छान आहे, लोकप्रियही आहे, मला थोडं तयार पदार्थासारखं वाटतं. ब्लेकचं मात्र तसं नाही. आठ ओळींची कविता: गुलाबाला कीड लागली आहे. ब्रिटन गवयाला बराच वेळ गप्प बसवतो आणि हॉर्न शुद्ध गंधारावरून कोमल गंधारावर घसरत राहतो. जोग ऐकलेल्या माणसाला दोन गंधार नवे नाहीत. पण जोगातली ती उतरण सुखाची. इथे फळाच्या आत अळी फिरते आहे. मग पिअर्स येतो, ते आठ ओळींचं वाक्य जवळजवळ न गाता सांगतो आणि जातो. गोड आवाजाच्या माणसाला हे जमणार नाही. गोड आवाज गुलाबाची बाजू घेतो. पिअर्सचा आवाज डॉक्टरासारखा आहे. रिपोर्ट वाचून दाखवतो.

आणि मग पंधराव्या शतकातलं ते प्रेतयात्रेचं गाणं. कवी अज्ञात. मृताच्या आत्म्याची वाट सांगितली आहे: आधी काटेरी माळ, मग भीतीचा पूल, मग शुद्धीची आग. जिवंतपणी कोणाला जोडे दिले असतील तर त्या माळावर बसून ते घाल. दिले नसतील तर काटे हाडापर्यंत जातील. मी वही बघत होतो. समासात मामांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: "जोडे! अगदी आपल्यासारखं." आणि खाली रेघ.

त्या पुठ्ठ्याच्या चपला माझ्या डोळ्यांसमोर आल्या. खोटं कशाला बोलू, मी सुई उचलली, चहा करून घेतला आणि मग परत ठेवली.

हे गाणं बांधलंय मोठं कठोरपणे. गवयाचं कडवं एकच. चाल तीच, पट्टी तीच, तार स्वरावर सुरू होणारी, नऊ वेळा. त्याला इकडेतिकडे बघायची परवानगी नाही. खाली तंतुवाद्यं पावलं टाकू लागतात, एकामागून एक, गर्दी वाढत जाते, आणि मध्यावर हॉर्न असा घुसतो की दाराची कडी तपासून यावीशी वाटते. आणि वर तो बारीक, नाकातला, थरथरता आवाज आपला तोच एक वळसा पुन्हा पुन्हा घेतोय. इथे मला आजीचा प्रश्न आठवला. याला काही होतंय का? होतंय. तेच तर गायचं आहे. तरुण पिअर्स १९४४ ला हे एखाद्या दूताने निरोप सांगावा तसं गातो. १९६३ चा पिअर्स वाटेवरचा माणूस वाटतो. ज्या कंपाची मी मुंजीत नक्कल केली होती तो इथे गळ्याचा दोष राहत नाही. दोष आहेच, नाही असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी स्वर पोचतो की नाही अशी धाकधूक होते. पण भीतीच्या पुलावर भरदार आवाजात गात चाललेला माणूस मला खरा वाटला नसता.

अलीकडे मुलीने मला एक सीडी दिली आहे. तिच्यात हे 'सेरेनेड' आहेच, शिवाय आणखी दोन गीतमालिका. पैकी 'लेझिल्युमिनास्याँ' ही रँबोच्या फ्रेंच कवितांची, १९३९ ची, ध्वनिमुद्रण १९६६ चं. ती मुळात सोप्रानोसाठी, म्हणजे स्त्रीच्या उंच आवाजासाठी लिहिलेली आणि तिथेच शोभते, असं माझं मत. त्या रंगीबेरंगी दिव्यांच्या रोषणाईत पिअर्स उन्हाळ्यात ओव्हरकोट घालून आल्यासारखा वाटतो. तिसरी 'नॉक्टर्न', १९५८ ची, तिला मात्र तोड नाही. आठ कविता एकमेकींत विरघळत जातात आणि बहुतेकींना वेगळं वाद्य सोबतीला. एकात मध्यरात्रीचे आवाज आहेत: घंटा, कुत्रा, घुबड, उंदीर, मांजर; ते सगळे हॉर्न काढून दाखवतो. मांजराच्या जागी आमच्या गॅलरीतलं मांजर दर वेळी उठून बसतं, यापेक्षा मोठी दाद मी दिलेली नाही. एकात नुसते नगारे आणि फ्रेंच क्रांतीच्या रात्री जागणारा वर्ड्स्वर्थ. आणि एकात विल्फ्रेड ओवेन, पहिल्या महायुद्धात अखेरच्या आठवड्यात मारला गेलेला. त्याला इंग्लिश हॉर्न, जे नावाने हॉर्न पण जातीने सनई. ती कविता पिअर्स इतक्या सभ्यपणे गातो की तिच्यातला राग ऐकायला तिसऱ्यांदा लावावी लागली.

'सेरेनेड'चं शेवटचं गाणं कीट्सचं, झोपेची विनवणी. त्यात हॉर्न गप्प असतो. कारण अगदी व्यवहारी: वाजवणाऱ्याला तेवढ्या वेळात उठून पडद्यामागे जायचं असतं. पिअर्स तंतुवाद्यांच्या उंच, मऊ स्वरांवर एकटा राहतो. दिवसा केलेलं काहीबाही रात्री मन पोखरत राहतं, त्यातून सोडव, अशी मागणी आहे. इथे मी १९६३ च्या बाजूचा. उंच स्वर तो हलकेच ठेवतो, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालताना हात जसा उचलतो तसा. मग हॉर्न पुन्हा वाजतो, लांबून, पडद्याआडून, पहिल्यासारखाच. तेच पोस्टमास्तरांचे बेसूर. वहीत या तुकड्यापुढे पान कोरं आहे. वर फक्त लिहिलंय: "शब्द नाहीत."

पुढच्या वर्षी मामांच्या वर्षश्राद्धाला मी पुन्हा त्या दुकानात गेलो आणि म्हटलं, "आठ नंबर, कातडी, शिवलेले." दुकानदाराने विचारलं, "स्वतःला?" मी म्हटलं, "मामांना." त्याने बिल करताना माझ्याकडे दोनदा पाहिलं.

गुरुजींना ते जोडे दोन नंबर मोठे झाले. त्यांनी आत कापूस घालून चार वर्षं वापरले असं ऐकतो.

आजही तबकडी लावली की सौ. स्वयंपाकघरातून हाक मारते, "अहो, गेला का तो तुमचा माणूस?" हॉर्न संपत आलेला असतो. मी म्हणतो, "जातोय अजून." "मग गेला की दार लावून घ्या, मांजर आत येतंय."